खोड सांगणारं माणूस

आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला ब्लॉक केलं तेव्हा मला झालेला आनंद लपवण्यात काही अर्थ नाही. भर दुपार होती. गोठ्यापुढच्या बाजेवर बसून मी तुरीच्या शेंगा सोलत होते आणि फोन मांडीशी पडला होता. आमच्या शेळ्यांच्या पेजवर एक महाशय आठ दिवस झाले, प्रत्येक फोटोखाली 'हाय ताई, नंबर द्या' असं लिहीत होते. फोटो शेळीचा, आणि नंबर ताईचा. मुलीनं शिकवलं होतं तसं मी त्याच्या नावावर बोट ठेवलं, खाली उघडलेल्या यादीतलं हवं ते निवडलं, आणि माणूस गायब. भांडण नाही, चार माणसं जमवणं नाही, कुणाच्या घरी जाऊन समजावणं नाही. ज्या गावांत माझं आयुष्य गेलं तिथं नकोसा माणूससुद्धा रोज दिसतो. हापशावर दिसतो, लग्नाच्या पंगतीत दिसतो, मयतीला तर हमखास दिसतो. हा मात्र एका बोटानं गेला. मी एकटीच हसले असणार, कारण समोर शेळ्यांना भुसकट टाकणारा नवरा म्हणाला, "काय गं? कुणाचं वाटोळं केलंस?"

पिंगळी स्टेशनापासून आमचं शेत दुचाकीनं दहा मिनिटांवर आहे. जमीन थोडी आणि कोरडवाहू, म्हणून सगळा भार शेळ्यांवर. नवरा शेळ्यांचं बघतो, मी शेळ्यांच्या फोटोंचं बघते. मुलगी परभणीला कॉलेजात आहे. तिनंच पेज उघडून दिलं आणि बजावलं, "आई, कुणी काही लिहिलं तर लगेच भांडायला जाऊ नकोस." ती मला ओळखून होती. माझा राग आमच्या घरात सगळ्यांनी खाल्लेला आहे. मला उकळी यायला वेळ लागत नाही. ती खाली बसली की मीच आधी चहा ठेवते, पण मधल्या वेळात तोंडातून जे जातं ते जातंच. म्हणून ब्लॉकचं बटण मला फार आवडलं. राग काढायचा आणि त्याचा आवाजही होऊ द्यायचा नाही, अशी सोय मला पहिल्यांदाच मिळाली होती.

सुरुवातीला मी नियमात होते. नंबर मागणारे, घाण लिहिणारे, 'शेळी राहू द्या, फोटो काढणारी दाखवा' म्हणणारे, एवढेच. मग एकजण प्रत्येक शेळीखाली 'आमच्याकडं यापेक्षा भारी मिळते' असं लिहायला लागला. त्यालाही काढलं. एकानं नुसता हसणारा चेहरा टाकला. कशाला हसला, हे विचारण्याऐवजी त्यालाच काढलं. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिनं यादी उघडून बघितली आणि म्हणाली, "आई, एवढ्या लोकांना काढलंस तर शेळ्या घेणार कोण?" मी म्हटलं, "जे गुमान घेतात ते घेतील." हे बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, तेही सांगून टाकते.

गुलाबाचं फूल आलं ते पावसाळा सरताना. नाव कुणा बाईचं, माझ्या ओळखीचं नाही, आणि चेहऱ्याच्या जागी एक लालभडक गुलाब. पहिल्या दिवशी या गुलाबानं एका शेळीच्या फोटोखाली लिहिलं, 'मागला डावा पाय जपून टाकायलीय. खूर बघा.' मी चिडून फोन नवऱ्याला दाखवला. तो उठला, शेळीचा पाय धरून बघितला आणि वाढलेलं खूर तासत बसला. दुसऱ्या वेळी लिहिलं, 'दोन दाती म्हणून ल्हेलंय. चार दाती हाय.' दातांवरून शेळीचं वय कळतं, आणि तोंड उघडून काढलेला फोटो आम्हीच टाकला होता. पुढचे दोन दात अर्धेच वर आले होते, आणि अर्धा दात म्हणजे दात नव्हे, असं आमचं सोयीचं गणित होतं. तिसऱ्या वेळी लिहिलं, 'एक सड आंधळं हाय. दूध एकाच बाजूनं यील.' तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खऱ्या होत्या म्हणूनच मला जास्त झोंबल्या. गिऱ्हाइकांच्या देखत कुणी आपल्या जनावराची उणी काढत असेल तर कोण ऐकून घेईल? मी तिन्ही कमेंट पुसल्या आणि गुलाबाला बाहेर काढलं.

पंधरा दिवसांनी दुसरं नाव आलं, फोटोत ट्रॅक्टर. 'बोकड दिसायला चांगला, पर खालचा जबडा आखूड हाय. पैदाशीला धरू नगा.' ट्रॅक्टर गेला. मग काही दिवसांनी आला गणवेशातला एक जवान. तोपर्यंत माझी खात्री झाली होती की ही टोळी आहे. रेल्वे फाटकापलीकडं एकानं शेळ्यांचा नवा फार्म टाकला होता. हे त्याचंच काम, असं मी ठरवून टाकलं, आणि बाजारात तो समोर आला तेव्हा त्यानं घातलेला रामराम मी घेतला नाही. बिचारा बघतच राहिला.

जवानानं एकच कमेंट लिहिली. आमच्याकडं एक काळी, उंच, देखणी शेळी होती. गाभण होती, आणि तिच्या फोटोखाली पुष्कळ लोक विचारणा करत होते. तिथं त्यानं लिहिलं, 'हिच्या आयनं पिल्लं जवळ घेतली न्हवती. ही बी घेणार न्हाई. घेणाऱ्यानं इचार करून घ्या.'

नवऱ्यानं वाचून विचारलं, "फाटकापलीकडच्याला आपल्या शेळीची आय कशी मालूम?"

"ऐकलं आसंल बाजारात कुणाकडून," मी म्हटलं.

तिथं मी थांबायला हवं होतं. त्या शेळीची आई मला चांगली माहीत होती. पिल्लं जवळ आली की ती लाथा झाडायची, आणि तिची पिल्लं मीच बाटलीवर वाढवली होती. ही काळी त्यांतलीच एक. जी गोष्ट आम्हा नवराबायकोला आणि फार तर आणखी एका माणसाला माहीत होती, ती लिहिणारा कोण असेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. रागात मला प्रश्न पडतच नाहीत, नुसती उत्तरं सुचतात. कमेंट पुसली, जवानाला काढलं, आणि चार दिवसांत शेळी विकली.

घेणारी गंगाखेडकडची एक बाई होती. थोडीशी शेती, आणि आयुष्यातली पहिलीच शेळी. नवऱ्याबरोबर टेम्पो घेऊन आली, शेळीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, स्वतः आणलेलं नवं दावं तिच्या गळ्यात बांधलं आणि घेऊन गेली. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. भांडायला केलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"ताई, दोन पिल्लं झाली. पर शेळी जवळ येऊ देईना. दिसातून चार येळा मी शिंगं धरते आन मालक मागले पाय धरतेत, तवा पिल्लं पितेत. आमी रानात जावं कसं?" मग ती म्हणाली, "तुमच्या पेजवर कुणीतरी ल्हेलं व्हतं तसं. मी वाचलं व्हतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर न्हवतं. मला वाटलं, खोटं आसंल म्हणून तुमी काढलं."

मी काहीतरी गुळमुळीत बोलले असेन. फोन ठेवल्यावर मात्र डोळ्यांपुढं जिंतूरचा बाजार आला, आणि माझ्या वडिलांच्या शेजारी उकिडवे बसलेले मामा.

माझं माहेर चारठाण्याकडचं, मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्यांचं. वडील जनावर विकायला निघाले की आधी मामांच्या गावी निरोप जायचा. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. त्यांच्याशिवाय वडील विकायला कधी उभे राहिले नाहीत. वडील जनावराचं कौतुक करायचे, आणि ते काम त्यांना झकास जमायचं. गिऱ्हाइकाचं मन बसलं, आता रुमालाखाली बोटं धरून भाव ठरणार, इतक्यात वडील हात मागं घेऊन म्हणायचे, "थांबा. आता आमचे मेव्हणे बोलतील." मग मामा मेंढीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या खोडी सांगायचे. ही कळपातून फुटते. हिचा उजवा डोळा अधू आहे. ही थंडीत खोकते. एकही खोड राखून ठेवायचे नाहीत. वडिलांचा चेहरा दर वेळी कडू व्हायचा, आणि दर वेळी तेच मामांना बोलावून न्यायचे. या कामाचं मामांनी कधी काही घेतलं नाही. भजी आणि चहा, बस्स. लांबलांबचे लोक बाजारात आल्यावर विचारायचे, "मेव्हणे आलेत का?" आणि मामा आले नसतील तर पुढच्या बाजारी बघू म्हणून निघून जायचे.

सात-आठ वर्षांची असताना मला वाटायचं, मामांचं आणि आमचं काहीतरी वैर असणार. मी आईला तसं विचारलंही होतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "इकणाऱ्याच्या तोंडातून खोड निघत न्हाई बाई. म्हणून दुसऱ्याचं तोंड लागतंय. आन त्ये तोंड आपल्या माणसाचं आसावं." ही रीत त्या भागात सगळ्यांकडं होती की आमच्याच घरात, हे मी कधी शोधलं नाही. वडील गेले, कळप मोडला, आणि त्याबरोबर ती रीतही गेली असं मी धरून चालले होते. पुढं मी शेळ्या पाळायचं ठरवलं तेव्हा पहिल्या चार शेळ्या मामांनीच दिल्या. त्यांच्याही खोडी सांगून दिल्या. दावी तेवढी ठेवून घेतली, कारण जनावरासोबत दावं गेलं की घरची बरकत जाते, असं आमच्यात मानतात. त्या काळीची आई या चारांतलीच होती.

एवढं सगळं आठवूनही जवानाच्या जागी मला मामा दिसले नाहीत. पंचाहत्तरी ओलांडलेले, फोन तोंडापुढं आडवा धरून ओरडणारे मामा आणि आमचं पेज, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसतच नव्हत्या. वाटलं ते इतकंच, की जसा माणूस वडील मुद्दाम बोलावून शेजारी बसवायचे, तसा माणूस आपल्याकडं आपण होऊन आला होता आणि आपण त्याला हाकलला.

पंधरा दिवसांनी मामांच्या पणतीचं बारसं होतं. परभणीहून जिंतूरची एसटी, पुढं जीप, आणि शेवटचं अंतर पायी. पाळणा झाला, जेवणं झाली, आम्ही बायका भांडी घासायला बसलो. मामांची सून, म्हणजे माझी वहिनी, तांब्याला राख लावता लावता म्हणाली, "ताई, तुमचं शेळ्याचं पेज बंद केलं का वो? आमच्याकडं दिसंना गेलंय."

"न्हाई, चालू हाय की."

"मंग आमच्याच फोनला काय झालंय काय की. मामंजींनी लय तंग केलं बघा. रोज जेवल्यावर म्हणायचे, भाचीच्या शेळ्या दाखव. डोळ्याजवळ फोन धरून बघायचे आन मंग बोलायचे, फोन आपोआप ल्हेयाचा. खोडी सांगायचे वो, पहिल्यासारख्या. म्हणायचे, पोरीला तिकडं खोड सांगणारं कोण हाय? एक दिवस पेजच दिसंना झालं. शेजारच्याच्या फोनात बघितलं, तर त्याच्यात दिसलं. मामंजींनी तिथून ल्हेलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यातबी दिसंना. मंग माझा भाऊ फौजेतून सुटीवर आला व्हता, त्याचाबी फोन तसाच झाला."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. गुलाब कोण, ट्रॅक्टर कोण, जवान कोण, हे एका दमात कळलं. पेजवरचं ते बाईचं नाव वहिनीचं माहेरचं होतं, आणि आम्ही तिला सासरच्या नावानंच ओळखतो. 

"तवापासून मामंजी फोनला हात लावंनात," वहिनी हसत म्हणाली. "म्हणतेत, माझा हात लागला की फोन मरतोय, माझ्या हातातच बिघाड झालाय." भांडी घासणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. मग वहिनीनं आवाज खाली आणला. "हसायलोत आमी, पर मागल्या आठवड्यात एक मेंढी आडली. मामंजी तिथंच व्हते, पर हात घालंनात. 'माझा हात नगं, डॉक्टरला बोलवा' म्हणले. डॉक्टर जिंतूरहून येईस्तोवर कोकरू गेलं."

मामांच्या हाताला गुण आहे, हे त्या भागात कुणीही सांगेल. मेंढी विताना अडली, कोकराचा पाय आत मुडपला, की मामा कोपरापर्यंत तेल लावून हात घालायचे आणि कोकरू अलगद बाहेर आणायचे. आसपासच्या वस्त्यांवरून लोक त्यांना न्यायला यायचे. वडील गेल्यावर बाजार सुटला, चालणं कमी झालं, पण तो हात होता. आणि तो हात मी माझ्या दारातल्या बाजेवर बसून निकामी केला होता. मी राख तशीच हातावर घेऊन उठले आणि मामांना शोधत निघाले.

मामा मेंढ्यांच्या कुंपणाशी बसले होते, दोन्ही हात काखेत घालून. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "ये माय, बस. तुझ्या शेळ्या कशा हायेत? लय दिवस झाले, बघितल्या न्हाईत. तीन फोन बिघडवले बघ मी." त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "काय झालंय ह्यात, काय की."

तिथंच सगळं सांगायला हवं होतं. मी भित्री निघाले. "आलेच" म्हणून कडब्याच्या गंजीमागं गेले, फोन काढला आणि ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली. नंबर मागणारे ते पहिले महाशय, घाण लिहिणारे दोघे, आणि त्यांच्याच खाली गुलाबाचं फूल. ते बघून मला रडू आलं. मामांना मी कुणाच्या पंगतीला नेऊन बसवलं होतं! डोळे पुसून गुलाब, ट्रॅक्टर, जवान तिघांनाही परत घेतलं. वहिनीचा फोन मागून आणला आणि मामांपुढं धरून म्हटलं, "बघा मामा, लागलं पेज. फोनातच कायतरी व्हतं. आता बरं झालं."

मामांनी हात मागं घेतले. "तूच धर माय. मी हात लावत न्हाई."

मी एकेक फोटो सरकवत गेले आणि मामा बघत गेले. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, जसे बाजारात बघायचे तसेच. दोन करडांवर खूश झाले. एका शेळीपाशी "हिला जंताचं औषध द्या" म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ती काळी दिसंना गेली?"

"इकली मामा."

"घेणाऱ्याला सांगितलं व्हतं का, पिल्लाचं?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण हात मागं धरून बसलेले मामा माझ्याकडं इतक्या सरळ बघत होते की मला ते जमलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तिन्ही वेळा मीच तुम्हाला बाहेर काढलं. फोनात बिघाड नव्हता, हातात तर मुळीच नव्हता. गिऱ्हाइकांपुढं खोडी सांगितलेल्या मला खपल्या नाहीत. शेळी न सांगता विकली आणि आता गंगाखेडची ती बाई दिवसातून चार वेळा शिंगं धरून बसते. बोलता बोलता माझा आवाज फुटला. एवढी मोठी बाई मी, मेंढ्यांसमोर रडत उभी होते.

 मामांनी उजवा हात पुढं घेतला. उताणा केला, पालथा केला. बोटं मिटली, उघडली.

"म्हंजी हाताचं काय न्हवतं," ते म्हणाले.

"न्हाई मामा."

"का माझ्या समाधानाला सांगायलीस?"

"लेकीची आण मामा. हाताचं काय न्हवतं."

त्यांनी लांब श्वास सोडला. माझ्यावर रागवायचं त्यांच्या मनातच आलं नाही. इतके दिवस एकच भीती त्यांना धरून होती आणि ती आता सुटली होती. ते उठले, कुंपणाच्या आत गेले आणि एका गाभण मेंढीच्या पोटाखाली हात घालून चाचपत उभे राहिले. "ही चार दिसांत व्यायची," ते म्हणाले. मला म्हणाले की मेंढीला, कोण जाणे.

निघताना मात्र त्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं. मला रस्त्यापर्यंत सोडायला आले होते. "दाजीबी मला एकदा म्हणले व्हते, उद्यापासनं बाजारात येऊ नगा म्हणून. एक बाजार मी गेलो न्हाई. पुढच्या बाजारी त्येच आले बोलवायला." थोडं चालून ते थांबले. "पर तोंडावर म्हणले व्हते, माय. मला कळलं व्हतं, दाजी रागावलेत. तू रागावलीस ह्ये मला कळलंच न्हाई."

एसटीत खिडकीशी बसून मी तेच वाक्य घोळवत राहिले. वडिलांचा राग मामांना दिसला होता, म्हणून तो एका बाजारात मिटला. माझा राग त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. पोचलं ते फक्त न उघडणारं पेज, आणि असं का झालं हे शोधता शोधता त्यांना स्वतःचाच हात सापडला. नंबर मागणाऱ्यांना मी अजूनही काढते, त्याचं मला तिळमात्र वाईट वाटत नाही. चूक झाली ती अशी, की माझ्याकडं सगळ्यांसाठी ते एकच बटण होतं आणि चिडले की मी ते दाबत होते. आता कुणी शेळीचं उणं काढलं तर मी आधी गोठ्यात जाऊन ते खरं आहे का बघून येते. बहुतेक वेळा खरं असतं. तेवढ्या चालण्यात राग निम्मा होतो, उरलेला निम्मा नवऱ्याच्या वाट्याला जातो.

गंगाखेडच्या बाईला मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. ते कुणी लिहिलं होतं, मी का पुसलं, सगळं सांगितलं आणि शेळी परत न्यायची तयारी दाखवली.  ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. पिल्लं आता पाला खायलेत, आन शेळीचा लळा लागलाय आमाला. पर त्या बाबांना परत ल्हेऊ द्या. पुढची शेळी मी त्येंचं वाचूनच घेईन." पुढच्या बाजारी फाटकापलीकडच्या फार्मवाल्याला मीच आधी रामराम घातला. तो पुन्हा बघतच राहिला.

मामांच्या चार दिवसांचे सहा झाले, पण ती मेंढी व्याली. वहिनीनं फोन करून सांगितलं, कोकरू पायाळू होतं, मामंजींनीच हात घालून काढलं. त्याच दुपारी मी पेजवर आमच्या दुसऱ्या बोकडाचा फोटो टाकला. दीड वर्ष जीव लावून वाढवलेला, आमच्या दारातला आजवरचा सगळ्यात चांगला बोकड. वर लिहिलं, 'याची खोड आमचे मामा सांगतील', आणि तुरीच्या शेंगांचं सूप घेऊन बाजेवर बसले. 

अर्ध्या तासानं गुलाब आला. नवऱ्यानं फोन उचलून मोठ्यानं वाचलं.

'बोकड सगळीकडून बघितला. जबडा, खूर, दात बराबर हायेत. ह्याला खोड न्हाई. इकणारीन तापट हाय. खरं सांगितलं की रागावती, पर मागून आपण होऊन येती. माझी भाची हाय. घेणाऱ्यानं इचार करून घ्या.'

नवरा पोट धरून हसला. मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "पुसायचं का?"

मी हातातली शेंग सोलून संपवली, त्याच्याकडून फोन घेतला आणि मामांच्या खाली लिहिलं, 'बराबर हाय.'